जखमेवरचे जावई

"माझ्या तंगडीवर बसून हे पोटभर जेवणार, आणि मला मात्र सकाळपासनं उपाशी ठेवलंय," पडद्याआडून बिरंजेआप्पा पुटपुटले. पुटपुटले म्हणजे अर्ध्या वॉर्डाला ऐकू गेलं.

वैजयंतीच्या एका हातात चिमटा होता आणि दुसऱ्या हातात तळव्याएवढी जाळीची पिशवी. पिशवीत साठेक अळ्या वळवळत होत्या.

"आप्पा, तुमच्या रक्तातली साखर बघायचीय म्हणून उपाशी ठेवलंय. त्यांची नाही बघायची."

"त्यांनाबी झाली असंल एव्हाना. माझंच खातायत न्हवं?"

तालुक्याच्या जखमघरात या अळ्यांना सगळे जावई म्हणत. नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण चपखल बसलं होतं. येणार, बसणार, दुसऱ्याच्या जिवावर खाणार, त्यांना गार लागतंय की उकडतंय याची काळजी आपण वाहायची, आणि पाचव्या दिवशी उठले की घरदारानं सुटकेचा श्वास टाकायचा. "चार नंबरला जावई बसवले का?" "दोन नंबरचे उठवा गं." नवा पेशंट हे ऐकून हसायचा, मग पिशवी बघायचा, मग हसायचा थांबायचा.

हिरव्या माशीची अळी मेलेलं मांस खाते आणि जिवंत मांसाला तोंड लावत नाही, हे फार जुनं ज्ञान. शास्त्रज्ञांनी त्यात तीन गोष्टींची भर घातली होती. रेशीमकिड्याचा गुण तिच्या लाळेत उतरवला. त्यामुळे खाता खाता ती जखमेवर बारीक जाळं विणत जाई आणि कडेची कातडी त्या जाळ्यावरून वेलासारखी चढत येई. दुसरं म्हणजे तिची माशी होत नसे, पाचव्या दिवशी ती गपचूप मरे. तिसरी गोष्ट वैजयंतीच्या मते सगळ्यात चहाटळ होती. अळीच्या पोटात एक रंग ठेवला होता. ताजं मेलेलं मांस खाल्लं तर पोट पिवळं दिसे, आणि मांस जितकं जुनं तितकं ते तांबूस होत होत जांभळं पडे. भिंगाखाली धरलं की यंत्र सांगे, भाजून किती तास झाले.

त्या तासांवर सगळं अडलेलं असे. भाजलेल्या जागेच्या मधोमध मांस मेलेलं असतं. पण त्याच्या भोवती एक कडं असतं, ते धड मेलेलं नसतं आणि धड जिवंतही नसतं. "त्याला भोवळ आलीय असं समजा," वैजयंती नव्या नर्सेसना सांगायची. "दिवसभरात शुद्धीवर येईल, नाहीतर जाईल." म्हणून जावई दोन जातींचे. पांढऱ्या पेटीतले खाण्यात सोवळे. चोवीस तासांच्या आतल्या जखमेवर ते भोवळ आलेल्याला धक्का न लावता नुसतं मेलेलं वेचत. निळ्या पेटीतले अधाशी. खोल शिरून कूज उकरून काढणारे, लाळेत पू मारणारं औषध बाळगणारे. ताज्या जखमेवर निळे बसले तर वाचणारी बोटंही फस्त करतील. शिळ्या जखमेवर पांढरे बसले तर ते वरवर चरत राहतील आणि खाली कूज हाडापर्यंत पोचेल. दोन्ही जाती एकत्र बसवल्या तर निळे आधी पांढऱ्यांनाच खात. तोही प्रयोग कुणीतरी करून बघितला होता.

वैजयंतीला किळस म्हणून येतच नाही, असं जखमघरात सगळे समजत. बावीस वर्षं ड्रेसिंग करणाऱ्या बाईला कसली आलीय किळस! प्रत्यक्षात तिला ती रोज यायची. अळ्यांची नाही, पुवाचीही नाही. माणसं जखमेवर जे काय थापून आणायची, त्याची. चटका बसला की वीस मिनिटं नळाखाली धरा, बांगड्या-अंगठ्या काढा, स्वच्छ ओलं कापड ठेवा आणि या. एवढं साधं. त्याऐवजी लोक शाई ओतून यायचे. अंड्याचा बलक, कॉफीची पूड, शेण. एकानं तर गाडीचं ग्रीस चोळलं होतं, "वंगण हाय की" म्हणून. आणि सगळ्यांत जास्त टूथपेस्ट. गार लागते म्हणून फासायची. ती वर सुकून खपली धरते आणि आत उष्णता कोंडते. पुदिना आणि कुजकं मांस यांचा एकत्र वास नाकात इतका बसला होता, की वैजयंतीनं आठ वर्षांत पुदिन्याची चटणी तोंडात घातली नव्हती.

"अडाणी!" ती म्हणायची, बेसिनवर कोपरापर्यंत हात धूत. "चंद्रावर पंप बसवायला निघालेत आणि भाजल्यावर दात घासायची पेस्ट!"

घरच्या ग्रुपवर तर उच्छाद होता. माहेरची लेक जखमघरात आहे म्हटल्यावर चुलत्या-मावश्यांपासून सगळे आपापली गळवं, नायटे, सुजलेले अंगठे फोटो काढून पाठवत. त्यात सरकारनं नियम काढलेला: जखमेच्या फोटोला आरोग्य कर्मचाऱ्यानं दिलेलं कुठलंही उत्तर, मग ते एक अक्षर का असेना, वैद्यकीय सल्ला धरला जाईल. सल्ला चुकला तर परवाना रद्द. वैजयंतीनं ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला होता. सकाळी बसची वाट बघत ती एकदम खाली सरकत जाई आणि वाढदिवस, बारसं, सुविचार, सगळ्यांना एकेक अंगठा वाटून टाकी. तेवढंच माहेर राखल्यासारखं.

बुधवारी दुपारी तीनला ट्रॉलीवरून पेशंट आत आली, तेव्हा वैजयंतीला आधी पुदिन्याचा वास आला. त्याच्या मागून जळक्या साखरेचा वास. तो वास ओळखायला तिला नाकाची गरज नव्हती. त्याच वासात ती वाढली होती.

"वन्सं," ट्रॉलीवरची बाई म्हणाली आणि कसनुसं हसली. "आलो बघा तुमच्या दारात."

सारिकावहिनी. आणि मागे, काजळीनं माखलेल्या सदऱ्यात, पायताण हातात धरून उभा असलेला उदयदादा.

वैजयंतीच्या माहेरचं गुऱ्हाळ पंचक्रोशीत नावाजलेलं. भावकीत सामायिक, ऊस गाळायची प्रत्येकाची पाळी ठरलेली. पाटीवर गुळव्या म्हणून उदयदादाचं नाव. पण गुळव्या खरी सारिकावहिनी. उसाचा रस काहिलीत आटत आला, की तो नेमका कधी उतरवायचा हे तिची बोटं सांगत. उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात सोडायचा, अंगठ्यात आणि बोटात धरून गोळी वळायची, काहिलीच्या कडेवर आपटून आवाज ऐकायचा. अर्धं मिनिट आधी उतरवलं तर गूळ चिकट, अर्धं मिनिट उशीर झाला तर करपट. त्यासाठी कारखान्याच्या लोकांनी एक यंत्रही आणून बसवलं होतं. ते दोन हंगाम चाललं, मग त्याच्यावर कोंबड्या बसायला लागल्या.

दर हंगामातली पहिली छोटी ढेप वहिनी वैजयंतीसाठी वेगळी काढायची. ओली असतानाच तिच्यावर अंगठा दाबायची. खूण म्हणून. "हा वन्संचा," म्हणायची. त्या खळग्यात तूप घालून खायचं, अशी दोघींची रीत होती.

आता तो हात उशीवर पालथा पडला होता. वैजयंतीनं मिठाच्या पाण्यानं पेस्टची खपली भिजवायला सुरुवात केली. खाली पाक काचेसारखा थिजलेला. तो सुटला तसं त्याच्यासोबत बरंच काही सुटलं. पिवळट, बुळबुळीत पाणी उशीवर पसरलं. सुजलेल्या मनगटात हिरव्या बांगड्या रुतून बसल्या होत्या. कापताना वहिनीनं तोंड फिरवलं, हातामुळे नव्हे, बांगड्यांमुळे.

"कधी झालं हे?" डॉ. तहसीन मुजावरनी विचारलं. वयानं वैजयंतीच्या मुलीएवढी पोरगी, पण हात स्थिर आणि तोंड कमी.

"आज सकाळी," दादा म्हणाला. "नऊला."

"आज सकाळी नऊ," वहिनीही म्हणाली. प्रार्थना म्हणावी तशी, एका सुरात.

वैजयंतीनं नाक ओढलं. सहा तासांच्या जखमेला असा वास येतो? "मॅडम, मला हे जुनं वाटतंय."

"मलाही शंका येतेय, ताई. पण साखर आंबली तरी असाच वास येतो. चाखे लावू."

चाखे म्हणजे पाच अळ्या. वीस मिनिटं जखमेवर सोडायच्या आणि भिंगाखाली बघायच्या. वैजयंतीनं त्या सोडल्या. पडद्यापलीकडून आप्पांनी विचारलं, "बसली का पंगत?"

वीस मिनिटांनी एका अळीचं पोट पिवळं होतं, दोघींची जांभळी, आणि उरलेल्या दोघी फुगून भलत्याच रंगाच्या झाल्या होत्या. यंत्राच्या पडद्यावर अक्षरं आली: वेळ अनिश्चित. शर्करा आढळली. नातेवाइकांना विचारा.

डॉक्टरीणबाईंनी ती अक्षरं वाचली. "पाक मांसात मुरलाय. यांनी मांसापेक्षा साखरच जास्त खाल्ली. यांचं घड्याळ बिघडलं." मग ती दादाकडे वळली आणि प्रत्येक शब्द सुटा करत बोलली. "काका, नीट ऐका. सहा तास झाले असतील तर मी पांढरी पेटी उघडणार. एका दिवसाच्या वर झाले असतील तर निळी. चुकीची पेटी उघडली तर काकूंचा अंगठा आणि हे पहिलं बोट जाईल. एकदा बसवले की तीन दिवस उठवता येत नाहीत. मला खरी वेळ सांगा."

दादानं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं छताकडे.

"नऊच," दादा म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी अर्ज पुढे केला. वेळ, नातेवाइकाची सही, आणि खाली एक रकाना: दरम्यान कोणाचा सल्ला घेतला? "पाच मिनिटं देते. विचार करा आणि सही करा."

वैजयंतीनं भावाला दंडाला धरून बाहेर काढलं. सदरा हाताला चिकटला. तिनं तो हात स्वतःच्या अॅप्रनला पुसला, दोनदा.

"दादा, कधी भाजलं?"

"सांगितलं न्हवं."

"आपली पाळी होती ना गुऱ्हाळावर? कधी संपली?"

"आज. दुपारी बाराला शेवटची काहिल उतरली, तशी गाडी काढली."

"उतरवली कुणी?"

दादा पायताणाकडे बघत म्हणाला, "सारिकानंच. डाव्या हातानं गोळी बघितली तिनं. काय सांगू तुला, एकबी ढेप वाया गेली न्हाई."

"भाजल्यावर किती आदणं काढली?"

"पाच," तो म्हणाला. त्यात थोडा अभिमानही होता, आणि त्या अभिमानातच तो फसला.

वैजयंती गुऱ्हाळावरची पोर होती. रस काहिलीत पडल्यापासून ढेप निघेपर्यंत एका आदणाला चार तास लागतात, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालेलं.

"सकाळी नऊ ते दुपारी बारा," ती सावकाश म्हणाली. "ह्या तीन तासांत पाच आदणं कुठल्या काहिलीत बसतात, दादा?"

दादानं पायताण एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"कालचं आहे हे. काल सकाळचं! दीड दिवस तिला पेस्ट फासून चुलवाणापुढं उभी केलीस? पाळी मोडली असती तर आभाळ कोसळणार होतं? आणि वर इथं येऊन खोटं? ती अळी बरी रे. ती निदान मेलेलं खाते. शी! तुझ्या सदऱ्याचा वास आला तरी मला मळमळतंय. तुम्हा सगळ्यांचीच किळस येते मला." तिचा आवाज चिरकला. जिन्यावरच्या दोन बायांनी वळून बघितलं. "आत जाऊन आत्ता सांगते मी."

"नगंस सांगू."

"का? अब्रू जाईल तुझी?"

"माझी न्हाई," दादा म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. डोळे धुरानं लाल झालेले. "ग्रुप बघ. कालचा. मी माझ्याकडचं पुसलंय, सारिकाचंबी पुसलं. बाकीच्यांचे फोन कोण बघतंय, तुझ्या फोनात तेवढं ऱ्हायलंय."

ग्रुपवर तळाशीच सतरा सुविचार होते. ती मागे मागे जात राहिली. मंगळवार, सकाळी सात वाजून बारा मिनिटं. एक फोटो, तिनं कधीच न उघडलेला, धूसर. खाली दादाचं लिहिलेलं: सारिकाच्या हातावर काहिलीतला पाक सांडला. पेस्ट लावलीय. आपली पाळी उद्या दुपारी संपते, मग आणतो तुझ्याकडं. चालंल का वैजू?

सात एकोणचाळीसला तिचा अंगठा.

त्याच्या वर कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस होता, खाली उगवत्या सूर्याचं चित्र. दोघांनाही तिनं तसाच अंगठा दिलेला.

त्याखाली वहिनीचा निरोप, बोललेला. वैजयंतीनं फोन कानाला लावला. मागे रस उकळल्याचा घों घों आवाज, आणि वहिनी कुणाला तरी सांगतेय: "वन्संनी बघितलं न्हवं? मग झालं तर. वन्संनी बघितलं म्हंजे काय भ्यायचं काम न्हाई. चला, रस सोडा."

तिनं फोन खाली घेतला. हाताला पुदिन्याचा वास येत होता. मघाशी दोनदा पुसलेल्या हाताला.

"सारिकाच म्हटली," दादा हळू आवाजात सांगत होता, "दीड दिवस म्हटलं की विचारणार, का थांबलासा. मग फोन तपासणार. तो नियम हाय न्हवं तुमचा. दोन बोटांपायी वन्संची बावीस वर्सं कशाला घालवायची, म्हटली. आता पूस ते. तेवढं पूस आणि आत चल."

पुसायला एक बोट पुरे होतं. वैजयंतीनं स्वतःच्या बोटाकडे बघितलं. नख कापलेलं, कातडी औषधांनी पांढरी पडलेली. धडधाकट. तिला एकाएकी त्याची इतकी किळस आली, की तिनं ते मुठीत मिटून घेतलं. मग तिनं फोन खिशात टाकला. फोटो पुसला नाही, पण तो दाखवायचा आहे असंही तिनं अजून ठरवलं नव्हतं.

आत गेल्यावर ती सरळ डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली.

"मॅडम, काल सकाळी सातची जखम आहे. बत्तीस तास झाले. भाजल्यावर हिनं पाच आदणं काढलीत, एका आदणाला चार तास लागतात. मी गुऱ्हाळावरचीच आहे, हिशेब चुकणार नाही. निळी पेटी उघडा."

"वन्सं!" वहिनी उशीवरून अर्धवट उठली.

डॉक्टरीणबाईंनी दादाकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली, आणि मानेनंच होकार दिला.

निळी पेटी उघडली. थंड वाफ बाहेर आली. वैजयंतीनं पिशवी चिमट्यात धरली आणि वहिनीच्या हातावर अलगद पसरली. आतले अधाशी जीव क्षणभर थबकले आणि मग एकदम खाली तोंड घालून कामाला लागले. वहिनीनं डावा हात तोंडावर धरला.

"दुखतंय?"

"गुदगुल्या होतायत," वहिनी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"पहिलं बोट बहुतेक वाचेल," डॉक्टरीण वाकून बघत म्हणाली. "अंगठ्याचं तीन दिवसांनी सांगते. दहा तास आधी आला असता, तर हा प्रश्नच आला नसता." तिनं अर्ज ओढून घेतला. वेळ खोडली, नवी लिहिली. पेन खालच्या रकान्यावर थांबलं. "दरम्यान कोणाचा सल्ला घेतला, काका? इतका वेळ का थांबलात?"

वैजयंती पिशवीची कड चिकटवत होती. चिकटपट्टीचं टोक तिला सापडेना.

"कुणाचा न्हाई," दादा म्हणाला. "कुणाला इचारणार? आमचाच अडाणीपणा."

"अडाणीच हाय आम्ही," वहिनीनं लगेच दुजोरा दिला, त्याच मघाच्या सुरात. "वन्सं कायम सांगायच्या, पेस्ट लावू नगा. आम्हीच ऐकलं न्हाई. लिवा तसं."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. अशी उत्तरं तिनं शेकड्यांनी लिहिली होती. पेन टेकवलं. अ लिहिला. त्यावर अंगठ्याचा अनुस्वार नव्हता, पुढं 'डाणी' येणार हे वैजयंतीला दिसत होतं. तोच शब्द, बेसिनवर हात धुताना रोज तिच्या तोंडी येणारा.

तिनं चिकटपट्टी खाली ठेवली. खिशातला फोन काढून अर्जावर, पेनाच्या आडवा ठेवला.

"खोडा ते, मॅडम. ह्यांनी विचारलं होतं. मला विचारलं होतं, फोटो पाठवून, भाजल्यावर लगेच. मी तो उघडलासुद्धा नाही. 'चालेल' म्हणून अंगठा दिला आणि बसमध्ये चढले."